आधी खण उलटा करून पाहा

अमेरिकेत जुन्या वळणाचं फर्निचर जमवू पाहणाऱ्याला बहुतेक मार्गदर्शक पुस्तकं एकच वाट दाखवतात: अठराव्या शतकातली अस्सल वस्तू शोधा आणि नंतरच्या काळातल्या नकलांपासून दूर राहा. संग्रहालयाला हा सल्ला योग्य आहे. पगारावर घर चालवणाऱ्याला तो उपयोगाचा नाही. उलट त्याच्या नादाने माणूस एक तर महागात फसतो, नाही तर हे आपलं काम नव्हे म्हणून हात झटकतो. अशा माणसाने साधारण १९२० ते १९९० या काळात अमेरिकन कारखान्यांत आणि कार्यशाळांत जुन्या शैलींप्रमाणे बनलेल्या वस्तू जमवाव्यात, आणि त्या निवडताना शैलीचं नाव किंवा कंपनीचं लेबल पाहण्याआधी सुतारकाम पाहावं, असं माझं मत आहे. न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, बॉस्टन या पट्ट्यात मराठी कुटुंबं बरीच आहेत आणि हे फर्निचर सर्वात जास्त सापडतं तेही तिथेच. वृद्ध दांपत्याचं घर रिकामं करताना भरणाऱ्या ‘इस्टेट सेल’मध्ये महॉगनीचं भक्कम टेबल कित्येकदा दुकानातल्या नव्या, भुसा दाबून केलेल्या टेबलापेक्षा स्वस्त मिळतं.

आधी शैलींची ओळख करून घेऊ. क्वीन ॲन शैली अमेरिकेत साधारण १७२५ ते १७५५ या काळातली. आत-बाहेर वळणारा, इंग्रजी एस अक्षरासारखा पाय, सपाट गोल पाऊल, खुर्चीच्या पाठीला फुलदाणीच्या आकाराची फळी आणि कोरीवकाम बेताचं, अशी तिची ठेवण. त्यानंतर १७९० पर्यंत चिपेंडेल. तिच्यात कोरीवकाम वाढतं, खुर्चीच्या पाठीत जाळी येते आणि पाऊल म्हणजे चेंडू पकडलेला पंजा होतो. स्वातंत्र्यानंतरची फेडरल शैली हलकी: सरळ निमुळते पाय, पातळ व्हिनीअर (उंची लाकडाचा चिकटवलेला थर), वेगळ्या रंगाच्या लाकडाच्या बारीक पट्ट्यांची जडणी. न्यूयॉर्कचा डंकन फाइफ हा या काळातला सर्वात गाजलेला कारागीर. त्यापुढची एम्पायर शैली जड आणि भपकेबाज असते. ती आवडणाऱ्यांना आवडते, एवढं म्हणून पुढे जाऊ. थॉमस चिपेंडेल हा लंडनचा सुतार, तो अमेरिकेत कधी आलाच नाही. १७५४ साली त्याने नमुन्यांचं पुस्तक छापलं आणि ते समुद्रापार पोचलं, इतकाच त्याचा या देशाशी संबंध. गंमत अशी की अमेरिकन चिपेंडेलची खूण मानला जाणारा पंजा-चेंडू त्या पुस्तकात एकदाही काढलेला नाही. वसाहतीतल्या सुतारांनी तो आपल्या सवयीने ठेवला, आणि गावागणिक त्याला वेगळं रूपही दिलं. फिलाडेल्फियाचा चेंडू किंचित दाबलेला आणि पकड जोरकस. मॅसॅच्युसेट्सच्या पंजाची बाजूची नखं मागे झुकलेली. न्यूयॉर्कचा पंजा चौकोनी, ठोकळेबाज. आणि न्यूपोर्टच्या उत्तम कामात नख आणि चेंडू यांच्यामधून उजेड दिसेल इतकी फट कोरलेली.

‘नक्कल ती नक्कलच’ या पहिल्या आक्षेपाचं उत्तर इथूनच सुरू होतं. ज्यांना आपण अस्सल म्हणतो त्या वस्तूच लंडनच्या नमुन्यांवरून, छापील पुस्तकांवरून आणि इंग्लंडहून आलेल्या खुर्च्या पाहून बनवलेल्या होत्या. फेडरल काळातल्या सुतारांपुढे हेपलव्हाइट या लंडनच्या सुताराचं १७८८ चं नमुन्यांचं पुस्तक आणि त्यामागोमाग आलेलं शेरटनचं तसंच पुस्तक उघडं असे. या परंपरेत नमुना पाहून बनवणं हीच रीत होती. प्रश्न असायचा तो किती चांगलं बनवलं एवढाच. पुढे १८७६ साली फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या शताब्दीचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथे न्यू इंग्लंडमधलं जुनं स्वयंपाकघरही उभारलं होतं, आणि आजी-आजोबांच्या काळातल्या वस्तूंची ओढ देशभर वाढली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९२४ साली अमेरिकन दालन उघडलं. १९२६ पासून उद्योगपती रॉकफेलर यांच्या पैशावर व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग या वसाहतकालीन गावाची पुनर्बांधणी सुरू झाली. संग्राहक हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट यांनी डेलावेअरमधलं विंटरथर हे घर १९५१ साली संग्रहालय म्हणून लोकांना खुलं केलं. मागणी झाली तशी वस्तू बनू लागल्या. वॉलेस नटिंग हा धर्मोपदेशकाचा छायाचित्रकार झालेला गृहस्थ मॅसॅच्युसेट्समध्ये जुन्या खुर्च्यांच्या प्रतिकृती बनवून त्यांवर स्वतःचं नाव डागत असे. बफेलोच्या किटिंजर कंपनीने १९३७ पासून विल्यम्सबर्गच्या परवान्याने तिथल्या मूळ वस्तू मोजून प्रतिकृती बनवल्या, आणि ते काम १९९० पर्यंत चाललं. तेव्हा १९३८ सालच्या किटिंजर टेबलाला नुसतं नक्कल म्हणून बाजूला सारणं म्हणजे त्यामागची कारागिरी न पाहताच निकाल देणं. शिवाय अमेरिकन कस्टम खातं शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूला प्राचीन मानतं. त्या हिशेबाने १९२० च्या सुमाराच्या प्रतिकृती आता स्वतःच प्राचीन ठरल्या आहेत.

अस्सल अठराव्या शतकाच्या मागे लागण्यात आणखी एक अडचण आहे, ती पैशाइतकीच पारखीची. न्यूपोर्टच्या टाउनसेंड आणि गॉडर्ड या क्वेकर सुतार घराण्यांच्या परंपरेतलं, ऱ्होड आयलंडचे व्यापारी निकोलस ब्राउन यांच्या घराण्यातलं लिहिण्याचं कपाट १९८९ साली क्रिस्टीजच्या लिलावात १ कोटी २१ लाख डॉलरला गेलं. जिथे एवढा पैसा असतो तिथे खोटेपणाही तेवढाच कसबी असतो. ऱ्होड आयलंडचा शिल्पकार आर्मंड लामोंटेन याने १९६९ साली सतराव्या शतकातल्या ब्रूस्टर खुर्चीसारखी खुर्ची बनवली, ती जुनी दिसेल अशी झिजवली आणि बाजारात सोडून दिली. मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने १९७० साली ती ९,००० डॉलरला विकत घेतली. १९७७ मध्ये खरा प्रकार उघड झाला. क्ष-किरणांत खुर्चीतली भोकं आधुनिक ड्रिलच्या टोकाने पाडलेली निघाली. संग्रहालयाने ती खुर्ची फेकली नाही, खोट्याचा नमुना म्हणून ठेवली, हे मात्र शहाणपणाचं. ज्यांचा धंदाच पारखण्याचा ते फसतात तिथे हौशी माणसाने हजारो डॉलर लावणं धाडसाचं आहे. याउलट विसाव्या शतकातल्या प्रतिकृतीला आपलं वय लपवायचं कारण नसतं. तिच्या खणात लेबल असतं, मागे डाग देऊन उमटवलेली खूण असते. ती खूण जिथे खरवडून काढलेली दिसेल तिथून मात्र निघून यावं. नटिंगच्या काही खुर्च्यांचं असंच झालेलं आहे.

आता मुख्य गोष्ट: पाहायचं कसं. कपाटासमोर उभं राहून पॉलिशची चमक पाहण्याने काही कळत नाही. एक खण पूर्ण बाहेर काढावा, उलटा करावा आणि टॉर्च लावावा. खणाची पुढची फळी बाजूच्या फळीला जिथे मिळते तिथे एकमेकांत अडकलेल्या पंख्यासारख्या दातांचा सांधा, म्हणजे डव्हटेल, हवा. दात थोडे, असमान आणि काही ठिकाणी आखणीची रेघ तशीच राहिलेली असेल तर ते पटाशीने केलेलं हातकाम, बहुधा १८६० च्या आधीचं. गोल खुंट्या आणि अर्धगोल खाचा यांचा नॅप सांधा दिसला तर वस्तू १८७० ते १९०० च्या दरम्यानची. सारखे, नेटके दात म्हणजे यंत्रकाम, १८९० नंतरचं. आपल्या कामासाठी हा तिसरा प्रकार उत्तमच आहे, कारण यंत्राने नीट कापलेला डव्हटेल हातच्या ओबडधोबड सांध्यापेक्षा कमी टिकत नाही. नापास करायचा तो स्टेपल मारून किंवा नुसत्या गोंदाने चिकटवलेला खण. खणाचा तळ जाड आणि खाचेत सैल बसवलेला हवा, म्हणजे लाकूड फुगलं-आकसलं तरी फळी फाटत नाही. तळ प्लायवूडचा असला तर घाबरू नये, १९२० नंतरच्या चांगल्या कामातही तो असतो. खण काढल्यावर आतल्या पोकळीत हात घालून पाहा. दोन खणांमध्ये धूळ अडवणारी आडवी फळी असेल तर बनवणाऱ्याने न दिसणाऱ्या जागीही लाकूड खर्च केलं, आणि ज्याने तिथे काटकसर केली नाही त्याने इतरत्रही बहुधा केलेली नसते. कंपनीच्या नावापेक्षा या एका फळीवर माझा जास्त विश्वास आहे.

मग मागची बाजू. कपाट भिंतीपासून हलवू देत नसतील तर विकत घेऊ नये. करवतीच्या खुणा सरळ समांतर असतील तर लाकूड बहुधा १८३० च्या आधी कापलेलं. कमानीसारख्या असतील तर गोल करवतीचं, त्यानंतरचं. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकाच्या मध्यानंतर आले, त्याआधीचे बोथट असत. गोल तारेचे खिळे १८९० च्या आसपास रूढ झाले आणि अधिकच्या खुणेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात. विक्रेता ‘१७८० चं’ म्हणत असेल आणि मूळ बिजागरीत फिलिप्स स्क्रू दिसत असेल तर वाद घालायची गरज नाही. लपलेल्या भागाचं लाकूडही बोलतं: न्यू इंग्लंडमध्ये पाइन, फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कमध्ये ट्यूलिप पॉप्लर, दक्षिणेत पिवळा पाइन, तर इंग्लंडहून आलेल्या वस्तूत बहुधा ओक. खरोखर जुन्या गोल टेबलाला मोजपट्टी लावली तर ते किंचित लंबगोल निघतं, कारण लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं आणि लांबीत जवळजवळ आकसत नाही. आणि जुना सुतार न दिसणाऱ्या भागाला रंग देत नसे. आतून सगळीकडे एकसारखा तपकिरी हात फिरवलेला दिसला तर तो काहीतरी झाकण्यासाठीच असतो.

प्रमाणबद्धता पारखायला सर्वात सोपी जागा म्हणजे वळणदार पाय. चांगल्या कामात तो जाड ठोकळ्यातून कापलेला असतो, त्यामुळे गुडघा पुढे येतो आणि घोटा खरोखर बारीक होतो. स्वस्त कारखान्याने लाकूड वाचवलं की तोच पाय अर्धवट वाकलेल्या काठीसारखा दिसतो आणि पंजातला चेंडू सुपारीएवढा होतो. एकाच शैलीच्या नावाखाली तीन दर्जांचा माल बनला आहे: संग्रहालयातल्या वस्तूचं माप घेऊन केलेली प्रतिकृती, तीच वस्तू आजच्या घरासाठी थोडी बदललेली, आणि नुसता पंजा चिकटवून चिपेंडेल म्हणून विकलेली. दुसऱ्या प्रकाराला कमी लेखू नये. अठराव्या शतकातला पलंग आजच्या गादीला पुरत नाही. विसाव्या शतकातल्या कंपन्यांनी तोच पलंग साठ इंच रुंद आणि ऐंशी इंच लांब क्वीन आकारात बनवला, म्हणून तो वापरता येतो. व्हिनीअर म्हणजे हलका माल, हीसुद्धा चुकीची समजूत आहे. फेडरल शैलीचं सौंदर्यच त्या पातळ थरात आहे. बोटाने टिचकी मारत जावं. पोकळ आवाज आला तिथे थर सुटलेला आहे, आणि तेवढ्यावर भाव पाडून मागावा.

लेबल निरुपयोगी नाही, पण ते तारखेसकट वाचावं. किटिंजर, मिशिगनची बेकर, एके काळी विंटरथरच्या परवान्याने प्रतिकृती करणारी ग्रँड रॅपिड्सची किंडेल आणि व्हर्जिनियातल्या विंचेस्टरची हेंकेल-हॅरिस ही वरच्या फळीतली नावं. चेरी लाकडातलं स्टिकलीचं वसाहतकालीन वळणाचं काम आणि मेपलमधलं एथन ॲलनचं जुनं काम साध्या घराला जास्त शोभतं आणि बरंच कमी किमतीत मिळतं. ड्रेक्सेल, हेन्रेडॉन, थॉमसव्हिल या नॉर्थ कॅरोलिनाच्या कंपन्यांनी उत्तम आणि सामान्य असं दोन्ही बनवलं, तेव्हा तिथे निकाल खणानेच द्यावा. २००० च्या आसपास बरंचसं उत्पादन आशियात गेलं. २००५ साली अमेरिकेने चिनी शयनगृह फर्निचरवर डंपिंगविरोधी शुल्क लावलं, तरी ओघ थांबला नाही. यांतल्या अनेक नावांची मालक असलेली फर्निचर ब्रँड्स इंटरनॅशनल २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नावं पुन्हा विकली गेली. म्हणून ताज्या लेबलवरचं जुनं नाव हे फक्त नाव आहे.

दुसरा आक्षेप गुंतवणुकीचा. गेल्या पंचवीस वर्षांत गडद लाकडाच्या फर्निचरचे भाव घसरले, मग घसरत्या मालात पैसे का घालायचे? मुळात कोणी गुंतवणूक म्हणून घ्यावं असं मी सुचवतच नाही, आणि भाव परत चढतील असं सांगणाऱ्याच्या दुकानात फार वेळ थांबू नये. पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने घसरण हीच संधी आहे. नव्या टेबलाची किंमत ते घरी आल्याच दिवशी मोठ्या प्रमाणात उतरते. वापरलेल्या चांगल्या टेबलाची उतरायची तेवढी आधीच उतरलेली असते. महॉगनीचं कारण तर आणखी ठोस आहे. क्यूबा-सांतो डोमिंगोकडची महॉगनी १९९२ पासून आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतली मोठ्या पानांची महॉगनी २००३ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधांखाली आहे. तशा रुंद, अखंड फळ्या आज नव्याने घ्यायच्या म्हटलं तर नुसतं लाकूडच त्या जुन्या टेबलाहून महाग पडेल.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळू नये. अठराव्या शतकातल्या मूळ वस्तूंची महॉगनी कॅरिबियन आणि होंडुरासच्या जंगलांतून गुलाम माणसांकडून तोडून घेतलेली होती, आणि वसाहतकाळाची ओढ वाढवणाऱ्यांपैकी काहींच्या मनात नव्या स्थलांतरितांविषयी नाराजी होती. स्थलांतरितांच्या घरात हेच फर्निचर मिरवायचं का? मला वाटतं वस्तू ठेवायला हरकत नाही, पण तिच्याभोवतीची गोड कथा ठेवू नये. नॉर्थ कॅरोलिनातल्या मिल्टनमध्ये थॉमस डे हा मुक्त कृष्णवर्णीय सुतार गृहयुद्धाआधी मोठी कार्यशाळा चालवत होता. या परंपरेच्या नामावळीत त्याचं नाव यायला फार उशीर झाला. पॉलिशही एकट्या अमेरिकेचं नव्हतं. १९२० च्या दशकापर्यंत या फर्निचरवर प्रामुख्याने चढत असे तो चपडा, आणि त्यासाठीची लाख मुख्यतः छोटा नागपूरच्या पट्ट्यातल्या झाडांवरून जात असे.

चपड्याचा विषय रोजच्या वापराचाही आहे. तो अल्कोहोलने विरघळतो आणि उष्णतेने पांढरा पडतो. नंतर आलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरलाही उष्णता फारशी मानवत नाही. कुकर किंवा आमटीचं पातेलं थेट टेबलावर ठेवणाऱ्या घराने जाड गादीचं आवरण आधी घ्यावं आणि टेबल मागाहून. कोणतं पॉलिश आहे हे कळायला दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा एक थेंब लावावा. चिकट झालं तर चपडा. अस्सल जुन्या वस्तूचं पॉलिश खरवडलं की तिची किंमत कोसळते, म्हणून तिला हात लावायची भीती वाटते. विसाव्या शतकातल्या खराब झालेल्या टेबलाला मात्र नवं पॉलिश निर्धास्तपणे करता येतं, हा माझ्या बाजूचा आणखी एक मुद्दा. अमेरिकन हिवाळ्यात हीटरमुळे हवा कोरडी पडते आणि सांधे उकलतात. खोलीत आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास ठेवावी. परतताना हे सामान मुंबईला किंवा कोकणात आणणाऱ्यांचे खण पहिल्याच पावसाळ्यात अडकतील. तेव्हा रंधा मारायची घाई करू नये, हिवाळ्यात तेच खण सैल होतात.

काही बाबतींत मात्र तडजोड नको. लेन कंपनीच्या देवदार पेट्या फार सुंदर असतात, पण १९१२ ते १९८७ दरम्यानच्या कित्येक पेट्यांचं कुलूप झाकण पडताच आपोआप लागतं आणि आत लपलेल्या मुलाला बाहेर येता येत नाही. मुलं गुदमरून दगावल्यावर १९९६ साली १ कोटी २० लाख पेट्यांची कुलपं बदलण्याची मोहीम निघाली. जुनं कुलूप असलेली पेटी आजही विक्रीला येते. घेतलीत तर ते कुलूप त्याच दिवशी काढा. १९७८ च्या आधीच्या रंगवलेल्या खुर्चीत शिशाचा रंग असू शकतो, तेव्हा घरात घासकाम करू नका. उंच खणांचं कपाट भिंतीला पट्टीने बांधा. मूल खालचे खण पायरीसारखे वापरतं आणि कपाट पुढे येतं. सोफ्यातला जुना फोम भुगा होत असेल तर गादीकाम पूर्ण बदलायचा खर्च किमतीत धरा. तो खर्च सोफ्याहून जास्त निघतो, म्हणून सुरुवात सोफ्याने करू नये.

सुरुवात एका खणांच्या कपाटाने करावी, पूर्ण संचाने नाही. ‘हे फर्निचर घर अंधारं करतं’ ही तक्रार बहुधा टेबल, काचेचं कपाट आणि साइडबोर्ड असा सगळा संच एकाच खोलीत कोंबणाऱ्यांची असते. पांढऱ्या भिंतीजवळ एकटं उभं असलेलं चेरीचं कपाट कोणालाच अंधारं वाटत नाही. सेलला जाताना टॉर्च, मोजपट्टी आणि स्वतःच्या दाराची-जिन्याची मापं जवळ ठेवा. शेवटच्या दिवशी दुपारी भाव पुष्कळदा निम्म्यावर येतात, पण वाहतूक तुमचीच असते, आणि लिलावात बोलीवर खरेदीदाराचं कमिशन वेगळं पडतं. टेबल घेताना त्याच्या वाढवायच्या फळ्या मागून घ्या. त्या बहुधा पलंगाखाली किंवा कोठीत विसरलेल्या असतात, आणि पंधरा माणसांची पंगत त्यांच्याशिवाय बसत नाही. प्रत्येक खुर्चीवर बसून मागे-पुढे हलून पाहा. सरसाने जोडलेला सैल सांधा सुतार गरम पाण्याने सोडवून पुन्हा पक्का करून देतो, पण जिथे कोणी आधीच लोखंडी पट्टी ठोकली आहे तिथलं कुसू आतून फाटलेलं असतं. संचात अशा जितक्या खुर्च्या असतील तितक्या वगळून उरलेल्यांचाच भाव द्या.